रंगाखालील पाणी

गोदावरीवरील पोलादी पूल असो कीं साखर कारखान्यांतील नळ, गंज रंगाखालीं लपून वाढतो. जाड पोलादांत क्ष-किरण पुष्कळसे अडतात. न्यूट्रॉन त्यांतून पार जातात, पण पाण्यांतील हायड्रोजनवर आदळून विखुरतात. त्यामुळें दडलेलें पाणी कळतें.

मुंबईंतील तुर्भे येथें १९८५ सालीं सुरू झालेली ‘ध्रुव’ अणुभट्टी संशोधनास न्यूट्रॉन पुरविते. परंतु प्रत्येक कारखान्यास अणुभट्टी कोठून मिळणार? जपानांतील रिकेन संस्थेनें २०१३ सालीं यासाठीं लहान यंत्र चालविलें. त्यांत विजेनें वेग दिलेले प्रोटॉन बेरिलियमच्या पत्र्यावर आदळून न्यूट्रॉन निघतात. थांबलेला प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच. तो पत्र्यांत सांचल्यास फोड येतात. म्हणून पत्रा पातळ ठेवून मागें हायड्रोजन मुरविणारा व्हॅनेडियम धातु जोडला.

पूल खचण्यापूर्वीं त्याचें दुखणें ओळखणें, हेंच या विद्येचें मोल होय.