मराठी रंगपरंपरेतील स्त्रीवेश : वेशाचा स्वीकार आणि नटाचा प्रश्न

पुरुषाने स्त्रीचा अथवा स्त्रीने पुरुषाचा वेश घेऊन, तो वेश आहे हे प्रेक्षकांना ठाऊक असताना केलेल्या प्रयोगाला पाश्चात्त्य रंगभूमीवर ‘ड्रॅग’ ही संज्ञा रूढ आहे. अलीकडच्या समीक्षेत या प्रकाराचा निर्देश सर्वसमावेशक कला म्हणून केला जातो. लिंगभेदाच्या चौकटी येथे सैल होतात आणि ज्यांना इतरत्र स्थान नाही त्यांना रंगमंचावर ते मिळते, असे त्यामागील गृहीत आहे. मराठी परंपरेला संज्ञा नवी असली तरी प्रकार नवा नाही. म्हणूनच हे गृहीत मराठी सामग्रीवर तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी हे गाव या तपासणीचा आरंभबिंदू म्हणून घेता येईल. वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या सीमाप्रदेशातील या गावापासून स्त्रीवेशाच्या तीन परंपरांचे धागे हाती लागतात. पहिला धागा वैदर्भीय लोकनाट्याचा. दंडारीत स्त्रीभूमिका पुरुषच करीत आले आहेत. पूर्वेकडील भंडारा-गोंदिया-नागपूर पट्ट्यातील खडी गंमतीत शाहिराच्या जोडीला साडी नेसून नाचणारा पुरुष नाच्या असतो. दुसरा धागा किनवट-आदिलाबाद भागातील राजगोंडांच्या दंडारी नृत्याचा. दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचा भव्य मुकुट घातलेल्या गुसाडींबरोबर स्त्रीवेशातील तरुणही त्यात नाचतात. तिसरा धागा माहूरच्या रेणुकेचा. रेणुका व यल्लमा या लोकमानसात एकरूप झालेल्या देवता आहेत. यल्लमेच्या उपासनेत, मुख्यतः दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात, पुरुषाने साडी नेसून ‘जोगता’ होण्याची प्रथा आढळते.

या तिन्ही ठिकाणी बाह्य क्रिया एकच आहे, पण तिचा सामाजिक अर्थ एक नाही. राजगोंडांच्या दंडारीतील तरुणाचा वेश सणापुरता असतो. सण संपला की तो वेश उतरतो आणि तरुण आपल्या घरी, आपल्या नात्यांत परततो. जोगत्याचा वेश मात्र देवीला वाहिलेला असल्याने तो उतरवता येत नाही. लोकनाट्यातील नाच्या या दोहोंच्या मध्ये उभा आहे. त्याचा वेश प्रयोगापुरता असतो, पण गावाची नजर तो प्रयोगानंतरही उतरू देत नाही. तेव्हा स्त्रीवेशाच्या अभ्यासात केवळ ‘वेश कोणी घेतला’ हे पाहून भागत नाही. तो कोणाच्या ऐवजी घेतला आणि उतरवल्यावर नटाला कोणते स्थान मिळाले, हेही पाहावे लागते.

नागर रंगभूमीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ‘संगीत सौभद्र’मधील (१८८२) भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा आणि पुढे नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या नायिका यांनी स्त्रीपार्टाला कलेची सर्वोच्च प्रतिष्ठा दिली. बालगंधर्वांची वेशभूषा आणि आभूषणे तत्कालीन स्त्रियांनी अनुकरणीय मानली. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. वेश उतरवल्यावर ते सन्माननीय गृहस्थ आणि नाटक मंडळीचे मालक होते. त्यांच्या पुरुषत्वाला वेशामुळे उणेपणा आला नाही.

पण या वैभवाची दुसरी बाजू दृष्टिआड करता येत नाही. कुलीन स्त्रीने रंगमंचावर येऊ नये हा दंडक असल्यामुळे स्त्रीपार्टीची गरज निर्माण झाली होती. ज्या कलेला आज समावेशक म्हणावेसे वाटते ती येथे स्त्रीच्या वगळण्यावर उभी होती. नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकात स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या आणि पुढे हा संकेत हळूहळू मागे पडला.

तमाशात याहून निराळे घडले. येथेही आरंभी नाच्या पोऱ्या स्त्रीची भूमिका करीत असे. पठ्ठे बापूरावांच्या (१८६६–१९४५) फडात पवळाबाई आल्यानंतर स्त्री नर्तकी प्रस्थापित होत गेली, तरीही नाच्या गेला नाही. त्याचे कार्य बदलले. पूर्वी तो स्त्रीचा पर्याय होता, आता तो स्त्री-पुरुषांच्या मध्ये उभा राहून हशा पिकवणारा घटक झाला. गवळणीतील मावशीची भूमिकाही पुरुषानेच करण्याचा संकेत याच विनोदाच्या अंगाने टिकला. मराठी चित्रपटांत ही भूमिका गाजवणारे गणपत पाटील (निधन २००८) यांची लोकांच्या मनातील ओळख अखेरपर्यंत ‘नाच्या’ हीच राहिली. बालगंधर्वांच्या बाबतीत वेशामागील नटाला जो मान मिळाला, तो नाच्याच्या वाट्याला आला नाही. हा भेद अभिनयगुणांचा नसून रंगमंचाच्या प्रतिष्ठेचा आणि त्या प्रतिष्ठेमागील वर्ग-जातीच्या उतरंडीचा आहे.

मराठी कादंबरीने हा भेद नेमका पकडला आहे. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’मधील (१९७८) गुणा हा कष्टकरी आणि पिळदार शरीराचा तरुण. त्याला राजाची भूमिका हवी असते, पण फड उभा राहावा म्हणून तो नाच्या होतो. कलेसाठी स्वीकारलेला वेश घरात आणि गावात त्याच्या पुरुषत्वावरचा आरोप बनतो. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’मध्ये (१९८८) जोगत्याच्या वाट्याला याच्या उलट दुःख येते : त्याचा वेश पवित्र मानला जातो, लोक त्याच्या पाया पडतात, परंतु माणूस म्हणून त्याच्या इच्छेला जागा उरत नाही. गुणाला अवहेलना मिळते आणि जोगत्याला पूजा. पण दोघांनाही सामान्य माणसाचे जगणे नाकारले जाते. दोन्ही कादंबऱ्यांवरून निघालेल्या अनुक्रमे ‘नटरंग’ (२०१०) आणि ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटांमुळे हा विषय व्यापक प्रेक्षकवर्गापर्यंत गेला. ‘जोगवा’ला गवसांच्याच ‘चौंडकं’ या कादंबरीचाही आधार होता.

येथे एक संज्ञाभेद विद्यार्थ्यांनी कटाक्षाने पाळावा. स्त्रीपार्टी, नाच्या, जोगता आणि तृतीयपंथी या चार संज्ञा परस्परांच्या पर्याय नव्हेत. पहिल्या दोन रंगभूमीवरील कार्ये दर्शवतात, तिसरी धार्मिक दीक्षा आणि चौथी व्यक्तीची स्वतःची लिंगओळख. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली ती व्यक्तीच्या हक्काच्या पायावर, कोणत्याही कलाप्रकाराच्या आधारे नव्हे. या संज्ञांची गल्लत केल्यास नटावर नसलेली ओळख लादली जाते आणि ती ओळख खरोखर जगणाऱ्याला ‘सोंग’ ठरवले जाते. दोन्ही अन्याय समाजात घडत आले आहेत. समीक्षेने तरी ते घडू देऊ नयेत.

मराठी परंपरेने स्त्रीवेश उदारपणे स्वीकारला, यात संशय नाही. मात्र वेशाला मिळालेला स्वीकार वेश घेणाऱ्यापर्यंत क्वचितच पोचला. राजगोंडांच्या दंडारीतील तरुण आणि बालगंधर्व यांना वेश उतरवून मानाने परत येता आले. नाच्या आणि जोगता यांना ती मुभा मिळाली नाही. कोणतीही कला समावेशक आहे की नाही हे रंगमंचावर किती रूपांना जागा आहे यावरून ठरत नाही. प्रयोग संपल्यानंतर नटाला गावाच्या पंगतीत कोणते पान वाढले जाते, यावरून ते ठरते.