विनाअट प्रीति : लोणावळ्याची प्रार्थना व केडगांवची कसोटी

(शास्त्रपाठ : मत्तय ५:४३–४८, लूक १०:२५–३७. वर्गशिक्षकांनीं दोन्ही भाग आधीं मोठ्यानें वाचवून घ्यावे.)

आमच्या मंडळ्यांतून ‘प्रीति’ हा शब्द इतक्या वेळां उच्चारला जातो कीं, त्याची धार बोथट होऊं पाहत आहे. तो प्रार्थनेच्या आरंभीं असतो, लग्नाच्या उपदेशांत असतो, आणि पंचांची बैठक भांडणानें मोडली तर पाळकसाहेबांच्या शेवटच्या चार शब्दांतही असतो. परंतु प्रभूनें डोंगरावर शिकविलेली प्रीति आणि आम्ही रोजच्या व्यवहारांत वापरतों ती प्रीति एकच आहे काय, हें पारखून पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तेवढ्याचसाठीं हा पाठ आहे.

मावळांतील शेतकरी वाचकांस एक दाखला सहज पटेल. भाताच्या लावणीच्या दिवसांत गांवांत इर्जिक होते. आज दहा घरचीं माणसें एकाच्या खाचरांत उतरतात, उद्यां तो त्यांच्या खाचरांत उतरतो. चिखलांत गाणीं होतात, ज्याचें शेत त्याच्या घरचें जेवण होतें. रीत फार चांगली आहे. ज्या गांवांतून ती गेली तेथें शेजारी शेजाऱ्याला पारखा झाला, असें आमचें मत आहे. तरी इर्जिक हा शेवटीं एक हिशेब आहे. ज्याच्या घरून कोणी आलें नाहीं त्याच्या खाचरांत कोणी जात नाहीं. आणि विधवेच्या घरीं पाठवावयास गडी नसला म्हणजे तिची लावणी मागें पडते. प्रभूचा आक्षेप नेमका येथें आहे. परतफेड करणाऱ्यावर माया करणें ज्यांस लोक पापी म्हणत त्या जकातदारांनाही साधत होतें. त्यांत देवाच्या लेंकरांचें वेगळेपण तें कोणतें?

त्याच उताऱ्यांत तो पावसाकडे बोट दाखवितो. पाऊस म्हणजे काय, हें मावळांत समजावून सांगण्याची गरज नाहीं. लोणावळ्यास वर्षाकाठीं दीडशें इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तोच पूर्वेस तळेगांवापर्यंत जातां जातां निम्म्याहूनही कमी होतो. पण जेथें तो पडतो तेथें बांध पाहून पडत नाहीं. ज्यानें शेजाऱ्याचा बांध रातोरात हातभर कोरला त्याचें खाचरही भरतें, आणि ज्याचा बांध कोरला गेला त्याचेंही भरतें. न्यायाच्या दृष्टीनें पाहिलें तर हें आपल्यास खटकावें असेंच आहे, आणि प्रभूच्या ऐकणाऱ्यांसही तें खटकलें असेल. देवाच्या प्रीतीची ही तऱ्हा प्रथम गोड लागत नाहीं. ती गोड लागली असें जो लगेच म्हणतो त्यानें ती नीट ऐकली नाहीं.

आतां या शिकवणुकीची परीक्षा आमच्याच जिल्ह्यांत एकदां कशी झाली तें सांगतों.

१८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली, तेव्हांपासून लोणावळें हें मुंबई व पुणें या दोन्हीकडील लोकांस एकत्र येण्यास सोयीचें ठिकाण झालें. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दहा वर्षांत तेथें ख्रिस्ती लोकांच्या शिबिरसभा भरत. १८९६ चा दुष्काळ पडण्यापूर्वीं अशा एका सभेस पंडिता रमाबाई आपल्या पंधरा मुलींस घेऊन गेल्या होत्या. त्या सुमारास त्यांचें शारदा सदन पुण्यास होतें. एके दिवशीं पहांटे, सूर्य उगवण्याच्या आधीं, बाई एकट्याच झाडींत प्रार्थनेस गेल्या, आणि या पंधरांची संख्या पंधरापट व्हावी, म्हणजे दोनशें पंचवीस आध्यात्मिक कन्या आपणांस मिळाव्या, असें त्यांनीं देवाजवळ मागितलें. ही गोष्ट मंडळ्यांतून पुष्कळदां सांगितली जाते, पण बहुधा ती येथेंच थांबविली जाते: मागितलें आणि मिळालें. आमच्या मतें पाठ पुढेंच आहे. काय मागितलें याहून कोण आलें हें पाहावें.

१८९६ च्या पावसानें दगा दिला आणि मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. बाईंस दुष्काळ परका नव्हता. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत भटकत असतां त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई व थोरली बहीण हीं तिघेंही थोड्या महिन्यांच्या अंतरानें उपासमारीच्या हालांत वारलीं होतीं. त्या मध्यप्रांतांत गेल्या, तेथील अनाथालयें व कंगालखाने पाहिले, आणि सुमारें तीनशें मुलींस व तरुण विधवांस घेऊन आल्या. मागितलें होतें त्याहून संख्या अधिकच भरली. पण त्या मुली कशा होत्या?

शारदा सदनांतील बहुतेक मुली उच्च जातींच्या घरांतल्या, लिहूं वाचूं लागलेल्या, शिस्तीच्या. ह्या नव्या मुली नाना जातींच्या; पुष्कळींस मराठी येत नव्हतें. अंगावर खरूज आणि व्रण, केसांत उवा. उपाशी राहून राहून त्यांचा माणसावरचा विश्वास उडालेला होता. समोर पुरेसें अन्न असतांही त्या हिसकावून घेत, चोरून ठेवीत, एकमेकींस शिव्या देत, मारीत. कित्येक तर आल्यानंतरही वांचल्या नाहींत. ज्या बाईनें पहांटेच्या शांततेंत कन्या मागितल्या होत्या तिच्या डोळ्यांपुढें कोणत्या कन्या होत्या हें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु आपल्यापैकीं कोणीही दोनशें पंचवीस माणसें मागतो तेव्हां तीं न्हालेलीं, नम्र आणि आभार मानणारीं असावींत अशीच त्याची मनोमन समजूत असते. ही न बोललेली समजूत हीच अट होय.

त्यांत आणखी एक अडचण आली. पुण्यास प्लेग होता, आणि शहरांत इतक्या नव्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. दौंडच्या वाटेवर केडगांवास बाईंनीं शेतीसाठीं जमीन घेऊन ठेविली होती. तेथें उघड्या माळावर घाईनें आसरे उभारून मुली नेण्यांत आल्या. ‘मुक्ति’ या नांवानें पुढें प्रसिद्ध झालेलें काम असें सोयीनें नव्हे तर नाइलाजानें तेथें वाढलें. मग १८९९–१९०० चा छप्पनचा दुष्काळ आला, गुजराथेंतून आणखी मुली आल्या, आणि वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. ज्या स्त्रियांस समाजानें पतित म्हणून टाकिलें होतें त्यांच्याकरितां कृपासदन झालें. आंधळ्यांसाठीं वेगळी सोय झाली, आणि त्यांस बोटांनीं वाचावयाची ब्रेल लिपि शिकविण्यांत आली. प्रत्येक वेळीं दारांत उभी राहणारी व्यक्ति मागच्या वेळेपेक्षां कमी ‘योग्य’ होती. दाराचें माप बदललें नाहीं.

येथें एक शंका निघते, व वर्गांत ती निघाली तर शिक्षकांनीं ती दाबूं नये. अट नाहीं म्हणजे शिस्तही नाहीं काय? केडगांवीं शिस्त होती, कामही होतें. शेती, विणकाम, छापखाना यांत मुली राबत आणि शिकत. परंतु कोणी काम बिघडविलें तर तिला पुन्हां शिकवावयाचें असतें, आणि भाकरीचा हक्क कामावरून ठरत नसतो. आई मुलास रागें भरते आणि ताटही वाढते. ह्या दोहोंत विरोध आहे असें आईला वाटत नाहीं. तसेंच, प्रीति म्हणजे अन्यायापुढें मुकाट राहणें, असेंही नव्हे. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तांत स्त्रियांचे हाल होत होते, तेव्हां रमाबाईंनीं ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांत उघड लिहून सरकारी व्यवस्थेवर टीका केली. सरकारास तें रुचण्याजोगें नव्हतें. ज्या मुली आपल्या म्हणून घेतल्या त्यांच्यासाठीं बोलणें हा त्या घेण्याचाच भाग होता.

दुसरी शंका अधिक कठीण आहे. ख्रिस्ती माणूस प्रीति करितो ती समोरच्यानें ख्रिस्ती व्हावें म्हणून काय? तसें असेल तर तीही अटच झाली. रमाबाईंस हा प्रश्न टाळतां आला नाहीं. १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन उघडलें तेव्हां तेथें कोणाच्याही धर्मांत ढवळाढवळ होणार नाहीं असें ठरलें होतें. बाईंच्या खोलीचें दार मात्र त्यांच्या प्रार्थनेच्या वेळीं उघडें असे आणि कांहीं मुली आपण होऊन आंत बसत. १८९३ सालीं यावरून पुण्यांत मोठें वादळ झालें. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. केडगांवचें काम तर पुढें उघडच ख्रिस्ती होतें. जिला दुसरें दार नव्हतें त्या भुकेल्या मुलीच्या होकाराचें वजन किती धरावें, असें टीकाकारांनीं विचारलें. हा प्रश्न द्वेषाचा म्हणून झटकून टाकतां येत नाहीं. ‘पोटासाठीं बाटला’ हा टोमणा ज्या घरांनीं दोन पिढ्या ऐकला, त्या घरांस तर तो प्रश्न चांगलाच ओळखीचा आहे. आमचें म्हणणें असें कीं, देणाऱ्यानें आधीं मनाशीं ठरवावें: हा मनुष्य कधींही आमच्या उपासनेस आला नाहीं तरी त्याची भाकरी चालूच राहील काय? उत्तर ‘होय’ असेल तरच द्यावें. मिशनच्या अहवालांतून आकड्यांचा जो सोस पूर्वीं दिसे, तो या प्रश्नापुढें टिकत नाहीं.

प्रभूनेंच यासाठीं शोमरोनी मनुष्याची गोष्ट सांगितली. तिच्यांत मदत करणारा परक्या पंथाचा आहे, आणि आपल्या पंथाचे दोघे वाट वांकडी करून गेले आहेत. आमच्या जिल्ह्यास ही गोष्टही त्याच १८९७ सालीं पुन्हां पाहावयास मिळाली. सावित्रीबाई फुले ह्या सत्यशोधक. आमच्या मंडळीच्या नव्हत. पुण्यांत प्लेग वाढला तेव्हां त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनीं हडपसरच्या बाजूस रोग्यांसाठीं दवाखाना चालविला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तींतील एक मुलगा प्लेगनें पडला असें कळतांच सावित्रीबाई गेल्या आणि त्यास स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यांत आल्या. मुलगा वांचला असें सांगतात. सावित्रीबाईंस त्याच रोगानें गांठलें, व १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. त्या मुलाकडून त्यांस काय मिळावयाचें होतें? शब्बाथशाळेंत शोमरोन्याचा पाठ घेतांना हें उदाहरण सांगण्यास शिक्षक कचरतात. कां कचरतात हें आम्हांस समजत नाहीं. आपला शेजारी कोण, याचें उत्तर प्रभूनें मंडळीच्या नोंदवहींतून दिलें नव्हतें.

आतां मावळाकडे परत येऊं. पंडिता रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं वारल्या. केडगांवचें काम आजही चालू आहे. परंतु दुष्काळांतल्या मुली आपल्या दारीं येत नाहींत, म्हणून हा पाठ आपल्यास लागू नाहीं असें कोणी म्हणेल. लागू होणारीं माणसें निराळीं आहेत, एवढेंच. पावसाळा सरला कीं वीटभट्टीवर जाणारा कातकरी आपल्या ओट्यावर पाणी मागतो, तेव्हां भांडें कोणतें काढलें जातें हें प्रत्येक घरास ठाऊक आहे. याविषयीं अधिक लिहिण्याची गरज नाहीं.

त्याहून अवघड प्रसंग घरांतलाच असतो. मुंबई–पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला, आणि त्या आधींपासूनच मावळांतील जमिनींचे भाव चढत गेले. जमिनीबरोबर भाऊही तुटले. असें समजा कीं, दोघां भावांपैकीं धाकट्यानें आपला वांटा विकला, गाडी घेतली, चार वर्षांत पैसा दारूंत घालविला, आणि आतां तो आजारी होऊन थोरल्याच्या पडवींत येऊन बसला आहे. थोरल्यानें बापाचें कर्ज एकट्यानें फेडलें, आईचें दुखणें काढलें, भात पिकविलें. बहिणीनें हक्कसोड पत्रावर सही केली ती थोरल्याकडे पाहून. धाकटा क्षमा मागत नाहीं. मागेल असें त्याच्या वागण्यावरून दिसतही नाहीं. थोरल्याची बायको विचारते, “भाऊजींना आंत घ्यायचं म्हणता, मग माझ्या लेकरांच्या तोंडचं किती काढून द्यायचं?”

तिचा प्रश्न खरा आहे, आणि ज्या उपदेशकास त्याचें उत्तर चट्‌कन देतां येतें त्यानें त्या घरचा डबा पाहिलेला नसतो. आमच्या मतें येथें तीन गोष्टी निराळ्या कराव्या. अंथरूण, औषध व जेवण यांस अट घालूं नये. पैसा हातीं देण्यास मात्र अट घालावी, कारण तो दारूच्या दुकानांत जाईल, आणि तसें देणें हें त्याच्यावर प्रीति करणें नव्हे. तिसरी गोष्ट बोलणें. जेवणाच्या ताटाबरोबर मागच्या चार वर्षांचा हिशेब वाढूं नये; तो हिशेब एका दिवशीं, पाळकासमोर किंवा मामासमोर बसून, एकदां स्पष्ट करावा आणि मग ठेवून द्यावा. भार एकट्या थोरल्याच्या बायकोवर पडणार असेल तर मंडळीनें आठवड्यांतून दोन दिवसांचें तांदूळ-डाळ त्या घरीं पोंचवावें. प्रीतीचा उपदेश मंडळीनें करावा आणि खर्च एका सुनेनें सोसावा, ही वांटणी बरोबर नाहीं.

हा प्रसंग वर्गांत मांडून प्रथम बायकांस बोलूं द्यावें, मग पुरुषांस. पुढील आठवड्यासाठीं घरीं लूक १५ वा अध्याय वाचून यावें. तेथें थोरला मुलगा अंगणांत उभा आहे, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालीत आहे, आणि आंत वाद्यें चाललीं आहेत. तो शेवटीं घरांत गेला कीं नाहीं हें लूकानें लिहिलेलें नाहीं. शिक्षकांनींही तें आपल्या पदरचें सांगूं नये.