रोजचं वचन: नातीला चार गोष्टी

तू फोनवर विचारलंस, "आजी, रोज बायबल वाचायचं म्हणते, पण सुरुवात कुठून करू?" फोनवर अशा गोष्टी अर्ध्याच राहतात, म्हणून लिहून पाठवते. पटेल ते घे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून सुरू करू नकोस. नव्या वर्षाच्या उपासनेनंतर आपल्या मंडळीतली निम्मी माणसं हाच संकल्प सोडतात. बायबलचे अध्याय 1189. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात पुरं होतं, हे गणित सगळ्यांना पाठ. उत्पत्तीत गोष्टी आहेत, निर्गमात तांबडा समुद्र आहे, तोवर उत्साह टिकतो. पण त्या दोन पुस्तकांचे मिळून 90 अध्याय. म्हणजे जानेवारी सरता सरता माणूस लेवीयात पोचतो आणि यज्ञपशूंची चरबी नि गुरदे यांच्यापाशी जो अडकतो तो अडकतोच. मार्चमध्ये विचारून बघ, विषय बदलतात.

तू मार्कपासून सुरू कर. 16 अध्याय, चारांतलं सगळ्यात लहान शुभवर्तमान. मार्क पाल्हाळ लावत नाही. एक प्रसंग संपला की लगेच दुसऱ्या गावाला निघतो. त्यानंतर लूक, आणि लूकला लागूनच प्रेषितांची कृत्ये, कारण ती एकाच लेखकाची दोन पुस्तकं आहेत. नव्या कराराचे अध्याय 260. आठवड्याचे पाच दिवस रोज एक धरला तर बरोबर 52 आठवड्यांत संपतो. पण हे गणित दुसऱ्या वर्षासाठी. पहिल्या वर्षी गणितच नको. रोज एक प्रसंग, दहा-पंधरा ओव्या, बास.

स्कॉटलंडमधल्या डंडीचे पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी 1842 साली आपल्या मंडळीसाठी एक वाचनक्रम आखून दिला होता. रोज चार अध्याय. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. तो क्रम लोक अजून वापरतात. मला मात्र त्या तक्त्यापेक्षा त्याला जोडून त्यांनी दिलेली ताकीद मोलाची वाटते. वाचन हा नुसता रिवाज होईल, वाचलं म्हणून अंगात फुशारकी येईल, उरकून टाकायची सवय लागेल आणि काहींना ते जोखड वाटेल, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं. तेव्हा त्यांना तिशीही लागली नव्हती. आपल्या लोकांनी तक्ता तेवढा उचलला.

आता वाचायचं कसं. मोठ्यानं वाच. खोलीत मैत्रिणी झोपलेल्या असतील तर ओठातल्या ओठात, पण जीभ हलू दे. डोळे घाई करतात, जिभेला तेवढी घाई जमत नाही. हातात पेन्सिल घे. बायबलचा कागद पातळ असतो, बॉलपेन मागच्या पानावर उमटतं. नवं काही दिसलं तिथे बारीक रेघ, कळलं नाही तिथे समासात प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हांची लाज वाटून घेऊ नकोस. 137व्या स्तोत्राचा शेवट वाचून ज्याच्या पोटात कालवत नाही, त्यानं तो नीट वाचलेलाच नाही. तिथे माझ्या बायबलात मोठं प्रश्नचिन्ह आहे आणि पाळकसाहेब कितीही बदलले तरी ते खोडायची मला गरज वाटलेली नाही.

मनन म्हणजे काय, हे एका उताऱ्यावरून दाखवते. मार्कचा चौथा अध्याय, शेवटच्या सात ओव्या. येशूनं वादळ शमवलं, तो प्रसंग. शब्बाथ शाळेपासून ऐकल्यामुळे आपण वाचतो ते आपल्या डोक्यातलं चित्र, पानावर काय आहे ते बघतच नाही. तू पानाकडे बघ. संध्याकाळ झाली आहे. त्याच दिवशी तो होडीत बसून किनाऱ्यावरच्या गर्दीला दाखले सांगत होता, हे अध्यायाच्या सुरुवातीला आलं आहे. म्हणजे बोलून बोलून दमलेला माणूस. शिष्य त्याला होता तसाच घेऊन निघतात. तो होडीच्या मागच्या भागात उशीवर झोपतो. ही उशी फक्त मार्कनं सांगितली. मत्तय आणि लूक हाच प्रसंग सांगतात, पण त्यांच्याकडे उशी नाही. होडीत पाणी भरायला लागलं तेव्हा शिष्य त्याला उठवतात, आणि उठवताना आधी गाऱ्हाणं करतात: आम्ही बुडतोय आणि तुम्हाला काही वाटत नाही का! घरातलं माणूस संकटात घरातल्याशी बोलतं, तोच सूर. मग वारा पडतो, पाणी निवांत होतं. इथे आपल्या डोक्यातलं चित्र संपतं. मार्कचं संपत नाही. वादळ शमल्यावर ते फार घाबरले, असं तो लिहितो. वाऱ्याची भीती सगळ्यांच्या ओळखीची असते. वाऱ्याला गप्प करणारा आपल्याच होडीत झोपला होता, ही भीती निराळी.

आणि एक गोष्ट हमखास निसटते. त्याच्याबरोबर दुसऱ्याही होड्या होत्या, असं मार्क जाता जाता सांगतो आणि पुन्हा त्यांचं नावही काढत नाही. त्या होड्यांचं काय झालं? वादळ त्यांनाही लागलं असणार. वारा पडला तो त्यांच्यासाठीही पडला. पण उठवलं कुणी, बोललं कोण, त्यांना पत्ताच नाही. तुझ्या आयुष्यातली एखादी आपोआप टळलेली गोष्ट आठव आणि त्या होड्यांत जाऊन बस. अर्धा तास कसा जाईल कळणार नाही.

म्हणून सांगते, वाचल्या वाचल्या "यातून मला काय संदेश?" असं विचारायला धावू नकोस. तरुण संघात तुम्हाला हीच सवय लावलेली असते. दोन ओव्या वाचल्या की लगेच ज्यानं त्यानं आपापला संदेश सांगायचा. आधी उताऱ्याला विचार. कुठे घडतंय, दिवसाची वेळ कोणती, कोण बोलतंय, कोण गप्प आहे, आधीच्या पानावर काय झालं. तुझी पाळी शेवटी.

आधीच्या पानाची ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. यिर्मयाच्या 29व्या अध्यायातली अकरावी ओवी तुला पाठ असेल. देवाच्या मनात आपल्या भल्याचे बेत आहेत हे सांगणारी. कॅलेंडरवर ती, कपावर ती, लग्नपत्रिकेवरही ती. ती ओवी एका पत्रातली आहे. यिर्मयानं यरुशलेमहून बाबेलला, धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र. त्या ओवीच्या अगदी आधी काय आहे? 70 वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या कर्त्या माणसांपैकी बहुतेकांची हाडं परमुलखातच पडणार होती. तोवर काय करा? घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेऊन टाकलं त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हिंजवडीच्या वाहतुकीला तू रोज शिव्या देतेस ना? कपावरची ओवी तुला गोंजारून सोडेल. पूर्ण पत्र वाचलंस तर त्या शहरासाठी गुडघे टेकावे लागतील. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातल्या तेराव्या ओवीचंही तेच. परीक्षेच्या दिवशी पोरं ती लिहून खिशात ठेवतात. पौल तिथे बंदिवासातून लिहितो आणि बोलतो आहे उपाशी असताना नि पोट भरलेलं असताना सारखंच कसं राहायचं याबद्दल. त्यात टक्क्यांचा कुठे संबंध नाही.

डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ती ओवी आजचं वचन मानायची, हे मला मुळीच मान्य नाही. ती चिठ्ठी काढण्यातली गत झाली. वचनपेटीतलं कार्ड काढायला हरकत नाही, पण कार्डावरचा अध्याय पूर्ण वाचूनच ते पेटीत परत टाक.

वर्षभरानं लेवीयातही जा, पण सरळ 19व्या अध्यायात. शेताची कापणी करताना कडेचं पीक सोडा, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबासाठी नि परक्यासाठी. मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नका. बहिऱ्याला शाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा, जिला येशूनं एवढं महत्त्व दिलं, ती ह्याच अध्यायातली. मग रूथ वाच. अवघे चार अध्याय. बवाजाच्या शेतात रूथ सरवा वेचते ती कुणाच्या मेहेरबानीनं नव्हे, तो तिचा हक्क लेवीयात लिहिलेला आहे. ज्यानं रूथ वाचली त्याला लेवीय रुक्ष वाटायचं कारण नाही.

स्तोत्रं मात्र वेगळ्या हिशेबानं. ती 150 आहेत. रोज पाच म्हटलीस तर 30 दिवसांत एक आवर्तन होतं. नीतिसूत्रांचे अध्याय 31, त्यामुळे तारीख बघून तो अध्याय वाचायची आपल्याकडे बऱ्याच घरांत रीत आहे. मला ती आवडते, पण नीतिसूत्रं दुसऱ्याला ऐकवायला वाचायची नाहीत, एवढं पथ्य पाळ. आणि प्रार्थना सुचेनाशी होईल त्या दिवशी 88वं स्तोत्र काढ. इतर विलापस्तोत्रं बहुतेक शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आपलं रडगाणं देवापुढे चालतं, याला यापेक्षा मोठा पुरावा नको.

वसईची माझी मैत्रीण कॅथलिक. त्यांच्याकडे काय वाचायचं हे ठरवावंच लागत नाही. रोजच्या मिस्सेचे उतारे ठरलेले असतात. रविवारचं चक्र तीन वर्षांचं: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, योहान मुख्यतः उपवासकाळात आणि पुनरुत्थानकाळात येतो. तिचं बायबलही आपल्यापेक्षा जाडं, 73 पुस्तकांचं, आपली 66. तिच्या पद्धतीतला एक गुण आपण घ्यावा असा आहे. आवडीचं तेवढंच वाचायची सोय तिला नाही. आपल्याला ती आहे, म्हणून आपण 23व्या स्तोत्रात राहायला जातो.

भाषा जड वाटली तर दोन भाषांतरं शेजारी ठेव. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' हाताशी असू दे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं भाषांतर केलं, ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली, ते पूर्ण छापून झालं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्याच्या छपाईचं काम बायकांनी केलं. बायबल समजायला आपण कुठे कमी पडतो असं वाटलं की त्या बायका आठवाव्यात. टीकाग्रंथ आणि यूट्यूबवरची प्रवचनं उताऱ्यानंतर. आधी ऐकलंस तर तुला त्यांचंच दिसेल.

फोनवर वाचायला माझी ना नाही. प्रवासात तेच बरं. पण वाचताना वरून मेसेज टपकतात, ते बंद करून ठेव. सलग इतके दिवस वाचलं म्हणून ॲप शाबासकी देतं, तिच्या नादी लागू नकोस. खाडा पडला तर पडला. राहिलेले अध्याय एका बैठकीत संपवायला बसू नकोस; जिथे थांबलीस तिथूनच पुढे.

घरी आलीस की कौटुंबिक प्रार्थनेत वाचायचं काम तुझं. पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही; जेवून बसलेली माणसं पेंगतात आणि लहान मुलांना देवाचा कंटाळा शिकवायचा नाही. वाचणाऱ्याला मध्येच कुणी दुरुस्त करायचं नाही. आणि प्रार्थनेच्या आडून टोमणे मारायचे नाहीत. "प्रभू, या घरातल्या काही जणांना नम्रता दे" असली प्रार्थना सासूनं केली की सून आमेन म्हणते खरं, पण दात ओठ खाऊन.

एक छोटी वही कर. तारीख, अध्याय, आज दिसलेली एक गोष्ट, आणि आज करायची एक गोष्ट. ही चौथी ओळ रिकामी ठेवू नकोस. ती मोठी असायची गरज नाही. लेवीय 19 वाचल्यावर माझ्या वहीत लिहिलं आहे: भांड्याच्या बाईचा पगार पाच तारखेला नको, एक तारखेलाच.

उद्या सोमवार आहे. मार्क, पहिला अध्याय. त्याच्या 45 ओव्या आहेत. तू पहिल्या 15च वाच, मोठ्यानं, आणि काय दिसलं ते मला रात्री फोन करून सांग.