जळक्या तेलाचं डिझेल करताना

१. खरी झुंज डिझेलच्या भावाशी नसते, दुसऱ्या कढईशी असते. मोठ्या हॉटेलातलं जळकं तेल स्वस्तात छोट्या गाडीवाल्याकडे जातं आणि पुन्हा लोकांच्या पोटात. तेलातले पोलर घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, हा नियम जुलै 2018 पासून आहे. त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करण्याची ‘रुको’ योजना आणली. तेव्हा वडेवाल्याला, फरसाणवाल्याला रोख आणि वेळेवर पैसे द्या. तेल गोळा करणारी गाडी ठरल्या दिवशी गेली नाही की तेल भलत्याच वाटेला लागतं.

२. पाणी हा पहिला शत्रू. गाळलेलं तेल पळीभर तापवून बघा. तडतडलं तर अख्खं पिंप आधी तापवून पाणी उडवायचं, मगच पुढचं काम.

३. प्रत्येक पिंपाची आम्लता वेगळी. रोज तेल बदलणाऱ्या फरसाण कारखान्याचं तेल सोनेरी येतं, चिकन तळणाऱ्याचं काळपट आणि चरबट. म्हणून दर वेळी चाचणी हवीच. मिलिलिटरभर तेल अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, फिनॉल्फ्थॅलिन घालायचं आणि कॉस्टिकचं पातळ द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. गुलाबी छटा टिकली की थांबायचं. पिंपातल्या तेलाचं डिझेल करायला किती कॉस्टिक लागणार, ते हे थेंब सांगतात. अंदाजपंचे जादा घातलं तर डिझेलऐवजी साबण हाती येतो. आम्लता फारच असेल तर आधी सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून घ्यावी.

४. मिथेनॉलशी खेळ नको. कॉस्टिकसोबत तेलात ते मिसळावं लागतं, 100 लिटर तेलाला साधारण 20 लिटर. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. पेटलं तर उन्हात ज्वाळा धड दिसत नाही. घरच्या स्वयंपाकघरात हा प्रयोग कोणीही करू नये.

५. तेल, मिथेनॉल आणि कॉस्टिकचं मिश्रण ढवळणं थांबलं की जड, तपकिरी ग्लिसरीन तळाशी बसतं आणि वर बायोडिझेल राहतं. इथे घाई नडते. धुणं आणि सुकवणं नीट झालं नाही, तर त्याची किंमत गिऱ्हाइकाचं इंजिन मोजतं. आयएस 15607 च्या कसोटीला उतरलेला मालच विकावा.

६. घरचं उरलेलं तळणाचं तेल मोरीत ओतू नका, पाइप तुंबतात. गार करून, गाळून बाटलीत भरा. सोसायटीत एक कॅन ठेवा आणि तो नोंदणीकृत संकलकालाच द्या. भंगारवाल्याला देऊ नका.