थोरली पोरं धाकट्यांना शिकवतात, ते चालेल का?

प्रश्न : इस्लापुरात आम्ही गावकऱ्यांनी तालीम सुरू केली आहे. पूर्णवेळ वस्ताद नाही, मॅटही नाही. थोरली मुलंच धाकट्यांना शिकवतात. हे योग्य आहे का? – एक पालक

उत्तर : योग्य आहे, आपल्या तालमी अशाच चालत आल्या. वस्ताद हौद्याच्या कडेला उभा राहतो. धाकट्याचे जोर करून घेतो तो थोरला पैलवानच. शिकवताना त्याला स्वतःचा पट सुटा करून पाहावा लागतो, त्यात त्याचाही डाव पक्का होतो. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० मध्ये एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आले आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पैलवान घडवत राहिले. आपल्याकडे खेळणारा आणि शिकवणारा वेगळा नसतो.

चुकीचं शिकवलं तर मान-खांदा दुखावेल, ही भीती मात्र रास्त आहे. म्हणून ढाक, धोबीपछाड हे फेकीचे डाव जाणत्या माणसासमोरच व्हावेत. त्याआधी पडायला शिकवा : हनुवटी छातीला, हात जमिनीवर टेकवायचा नाही. ताठ हातावर पडलं की मनगट नाहीतर कोपर जातं. माती रोज खणून भुसभुशीत करा. मॅटवाचून मुलं मागे पडतील, हा आक्षेप अर्धाच खरा. मॅटवरची सहा मिनिटांची, गुणांची कुस्ती वेगळी आहे. पण दम, पकड आणि तोल मातीत तयार होतो. लहान वयात तेवढं पुरे. मॅटसाठी वर्गणी जमवण्याआधी आठवड्यातून एकदा येणारा वस्ताद शोधा.