पाहुणा आला कामाला

मंडळी, घरी पाहुणा आला की आपण काय करतो? बसायला घोंगडी टाकतो. पाणी देतो. चहा ठेवतो. पाहुण्याला कोणी काम सांगत नाही. पण पाहुणा कामासाठीच आला, तर? अशा पाहुण्यांची हकीकत आज वाचू.

कोलकात्यात कालीघाट येथे कालीमातेचे देऊळ आहे. देवळाला लागूनच एक घर आहे. त्याचे नाव 'निर्मल हृदय'. मदर तेरेसा या ख्रिस्ती संन्यासिनीने ते १९५२ साली सुरू केले. ज्यांना घर नाही, दार नाही, जे रस्त्याकडेला मरणाला टेकले, अशांना तिथे आणतात. त्यांना अंघोळ घालतात, जेवू घालतात. घर ख्रिस्ती लोकांचे. पण मरणाऱ्याला निरोप देतात तो त्याच्याच धर्माप्रमाणे. हिंदूच्या मुखात गंगाजळ घालतात. मुसलमानासाठी कुराण वाचतात.

इथे सेवा करायला देशोदेशीचे विद्यार्थी येतात. पगार नाही. सकाळी संस्थेच्या मुख्य मठात चहा, पाव आणि केळे मिळते. एवढाच पाहुणचार! मग कामाला लागायचे. काम कसले? कपडे धुणे, भांडी घासणे, आजाऱ्याला भरवणे, नखे काढणे.

पण हौस असली म्हणजे झालं, असं नाही. अशक्त माणसाला आडवे ठेवून भरभर भरवले, तर घास श्वासनळीत जातो. जीवावर बेतते. आधी त्याला टेकून बसवावे. घास लहान द्यावा. तो गिळला, की मग दुसरा. हे त्या पोराला सांगायचं कोणी? यजमानानेच.

'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकांनी एकदा हे घर पाहिले. तिथली माया त्यांनी वाखाणली. पण औषधोपचारातल्या उणिवाही दाखवल्या. माया हवीच, पण माहितीही हवी.

आणखी एक. तिथे परवानगीवाचून फोटो काढू देत नाहीत. त्या माणसाला घर नसेल, पण अब्रू आहे. तो काही तमाशा नव्हे.

आता आपल्या गावाकडे वळू. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्या शिबिरासाठी कॉलेजची पोरे सात दिवस खेड्यात राहतात. ती आली, की आपण हार घालतो, भाषणे करतो. त्यातच अर्धा दिवस जातो! त्यापेक्षा काम आधी ठरवावे. ते करून दाखवावे. काय करू नये, तेही सांगावे.

समजा, देवळाच्या ओवरीत एखादी निराधार म्हातारी राहते. पोरांना तिच्याकडे न्यायचे, तर आधी तिला विचारावे, "आजी, ही पोरं आलीत. तुझं पाणी भरू देशील का त्यांना?" ती नको म्हणाली, तर नको.

सात दिवसांनी पोरे जातील. आजी इथेच राहील. आठव्या दिवशी तिचे पाणी कोण भरील? पोरांबरोबर आपणही कामाला लागलो असू, तरच त्याचे उत्तर आपल्याजवळ असेल.

बोला आणि लिहा :
१. आजाऱ्याला कसे भरवावे?
२. आपल्या गावात निराधार कोण आहे? त्याची विचारपूस कोण करते?