गणकयंत्र आणि क्रियांचा क्रम

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम येथे पालैवननाथर मंदिराच्या आवारात नायक राजवटीत बांधलेले विटांचे धान्यकोठार आहे. त्यात सुमारे ३,००० कलम भात मावत असे. कलम हे तमिळ प्रदेशातील जुने माप. एका कलमाचे १२ मरक्काल होत.

समजा, अशा कोठाराच्या हिशेबात एका कुळाकडून ५ मरक्काल आणि ३ कलम भात येणे आहे. एकूण मरक्काल किती? मांडणी अशी होईल : ५ + ३ × १२. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या ‘कंचेभागुबेव’ या क्रमानुसार गुणाकार आधी करावयाचा. म्हणून उत्तर ४१. बहुतेक साध्या गणकयंत्रांवर मात्र याच क्रमाने कळा दाबल्यास ९६ हे उत्तर येते. असे यंत्र पुढील क्रियेची कळ दाबताच मागील क्रिया पूर्ण करते. त्यामुळे ५ व ३ यांची बेरीज ८ होऊन तिला १२ ने गुणले जाते. वैज्ञानिक गणकयंत्र बेरीज राखून ठेवते, गुणाकार आधी करते आणि ४१ दाखविते.

दोन्ही उत्तरांतील फरक ५५ मरक्कालांचा, म्हणजे ४ कलम ७ मरक्कालांचा आहे. मूळ देण्याहूनही अधिक भात कुळाच्या माथी नाहक पडेल. म्हणून साध्या यंत्रावर ३ × १२ हा गुणाकार प्रथम करावा व मग त्यात ५ मिळवावेत.